पाटीला पाय लागला

बर्लिनच्या फुटपाथवर तळहाताएवढ्या पितळी पाट्या बसवल्या आहेत. युद्धाच्या काळात समोरच्या घरातून ज्या ज्यू माणसांना पकडून नेऊन मारलं, त्यांची नावं त्यांवर असतात. आमच्या चार दिवसांच्या सहलीची गाइड साठीची बाई होती. प्रत्येक पाटीपाशी ती गुडघे टेकायची, पिशवीतल्या फडक्याने पितळ पुसायची आणि मगच बोलायची. देवाची उपकरणी घासताना चालावा तसा तिचा हात चालायचा, बिनघाईचा. एकूण किती माणसं मेली, हे तिने एकदाही सांगितलं नाही. इथला माणूस शिंपी होता, त्याच्या मुलीला पोहायला आवडायचं, एवढंच सांगायची. आकडा ऐकून मान हलवून पुढे जाता येतं. पोहणाऱ्या मुलीपाशी पाय अडतो.

तिसऱ्या दिवशी माझ्या आत्याचा पाय चुकून एका पाटीवर पडला. ती चटकन वाकली, पाटीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"हे काय केलं यांनी?" गाइडने मला इंग्रजीत विचारलं.

मी आत्याला मराठीत विचारलं. "अगं, त्यांना पाय लागला ना माझा," आत्या म्हणाली.

मी ते गाइडला सांगितलं. मग तिने हातातलं फडकं आत्यापुढे धरलं.

घरी खुर्चीशिवाय न बसणारी माझी आत्या त्या फुटपाथवर गुडघे टेकून बसली. पितळ लखलखेपर्यंत तिने पुसलं आणि वर न बघता मला म्हणाली, "आता नाव वाच. मोठ्याने वाच."