तळघरातलं पाणी आणि खालचा खडक

शनिवार, १२ एप्रिल. कंत्राटदाराचं एस्टिमेट चार हजार आठशे डॉलर. हजर: मी, बायको, कॉलेजातून सुट्टीला आलेली मुलगी आणि खुद्द कंत्राटदार.

अ‍ॅशबर्नच्या आमच्या घराच्या तळघरात मोठा पाऊस झाला की पाणी झिरपायचं. जूनमध्ये माझे वडील सहा महिन्यांसाठी येणार होते. त्यांना जिने चढवत नाहीत, म्हणून मागच्या अंगणात दार उघडणारी तळघरातली खोली त्यांची. ती कोरडी व्हायलाच हवी होती.

अंगणाचा उतार मी दोरी आणि लेव्हल लावून मोजला होता. पश्चिमेकडून घराकडे, चाळीस फुटांत चौदा इंच. त्यावरून पश्चिमेला चाळीस फूट चर खणून पाइप टाकायचं ठरत होतं.

मुलगी जिऑलॉजी शिकते. ती म्हणाली, "बाबा, तू गवत मोजलंस. रॉक कुठे मोजलास?"

"खडक दिसतोय का मोजायला?"

"वेट, दाखवते."

आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. तिने दिवाळीची उरलेली रांगोळी घेतली आणि पायाखाली जिथे जिथे पचपचलं तिथे टाकत गेली. बायको खिडकीतून ओरडली, "अगं, पांढरी सगळी संपवू नकोस!"

तासाभराने अंगणात लांब, समांतर रेघा दिसू लागल्या, उत्तर-दक्षिण. आखूड रेघा त्यांना जवळजवळ काटकोनात मिळत होत्या. मी मोजलेल्या उताराशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. फोनवरच्या नकाशात आमच्या मागचा ओढाही तसाच वळत होता.

"खडक एकसारखा असला की ओढे झाडाच्या फांद्यांसारखे पसरतात," मुलगी म्हणाली. "एकटा डोंगर असला की चहूबाजूंना उतरतात. इथे थर तिरके आहेत, एक सॉफ्ट, एक हार्ड. पाणी सॉफ्ट थर कोरत सरळ जातं. हार्ड थरात फट मिळाली की वळतं."

सगळ्यात लांब रेघ उत्तरेकडून वडिलांच्या खोलीच्या कोपऱ्याला येत होती.

"आठवडाभर दोरी घेऊन फिरलास," बायको म्हणाली, "आणि पाणी आलं दुसरीकडूनच!"

कंत्राटदाराने त्या कोपऱ्यात खणून पाहिलं. दोन फुटांवर मऊ तांबडा खडक लागला आणि खड्डा बघता बघता भरला. तो टोपी काढून हसला. म्हणाला, "हिला माझ्याकडे नोकरी देतो."

पश्चिमेचा चर रद्द झाला; त्या कोपऱ्यात मऊ थर आडवा कापून पाणी पाइपने बाहेर काढायला नऊ फुटांचा चर पुरला. मेमध्ये तीन मोठे पाऊस पडले. प्रत्येक वेळी मी अनवाणी कार्पेटवरून चालून पाहिलं. कोरडं. तिसऱ्या पावसानंतर वडिलांचं तिकीट काढलं आणि कंत्राटदाराला चेक दिला, अकराशे चाळीस डॉलर.