बहिणीकडे न्यायच्या काड्या

दरवर्षी ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली, की माझा मोठा भाऊ दिंडोरीहून आमच्या नाशिक रोडच्या घरी येतो. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली द्राक्षाच्या काड्यांची मोळी असते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कॉलेजने मोडीत काढलेला एक सूक्ष्मदर्शक माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठाण मांडून बसलेला आहे. काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, ब्लेडने चिरायचा, भिंगाखाली धरायचा आणि त्यात घड आहे की नाही ते दादाला सांगायचं, हे माझं काम. ज्या डोळ्यात घड दिसेल त्याच्या जरा पुढे काडी कापायची आणि उरलेली फेकून द्यायची. म्हणजे डोळा चुकला, की वर्ष गेलं.

दोन वर्षं तशीच गेली होती. मी सातव्या डोळ्यात घड दिसतोय म्हणून सांगितलं, दादाने सातव्याच्या पुढे कात्री लावली आणि अर्ध्या बागेत घडांच्या जागी नुसत्या बाळ्या फुटल्या. बाळी म्हणजे वेल ज्याने तारेला धरते तो गुंडाळलेला धागा. त्याची ना भाजी होते ना पैसा. गेल्या वर्षी मोळी टेबलावर टाकतानाच दादा म्हणाला, "औंदा बी तेच झालं ना, तर जेसीबी लावतो. सगळी बाग काढून टाकतो."

वडील गेले त्या वर्षी आम्ही दोघांनी चिखलात उभं राहून लावलेली ती बाग. तरी मला आला तो रागच. कारण पुढचा प्रश्न काय येणार, ते मला पाठ होतं.

"आता काय फवारता येईल का?"

"आता फवारून काही होत नाही रे दादा!"

हे वाक्य मी कितीदा म्हटलं असेल! दादाला सांगितलं, त्याच्या मित्रांना सांगितलं, फवारणीची बाटली विकणाऱ्या दुकानदारालाही एकदा फोनवर सुनावलं. एप्रिलच्या छाटणीनंतर नवी काडी फुटते. तिच्या डोळ्यात, आत, पेशींचा एक इवलासा उंचवटा तयार होतो. सुरुवातीला तो कुणाचाच नसतो. भरपूर ऊन मिळालं, वेलीच्या पोटात अन्न असलं, की तो घडाच्या वाटेला लागतो. सावली पडली, ढगाळ हवा राहिली, खतपाण्याचा अतिरेक झाला, की बाळीच्या. थोडे दिवस त्याला मागे फिरता येतं. मग येत नाही. तशी प्रत्येक पेशीकडे अख्ख्या वेलीची माहिती असते, मुळाची, पानाची, घडाची, सगळीच. पण कुठला कप्पा उघडा ठेवायचा आणि कुठल्याला कुलूप घालायचं, हे एकदा ठरलं की ठरलं. पेशीच्या दोन पेशी झाल्या तरी दोघींकडे तीच कुलपं जातात. ज्या उन्हाने हे सांगितलं ते उन्हाळ्याबरोबर निघून जातं, वर पाऊस कोसळत असतो, आणि डोळ्यात झोपलेला तो जीव मे महिन्यात ऐकलेलं धरून बसलेला असतो. ऑक्टोबरात त्याच्यावर बाटली ओतून त्याचं मन वळत नाही.

"पेशी हे लक्षात कशी ठेवते?" असं मी परीक्षेत विचारते. निम्मी मुलं "मेंदूच्या साहाय्याने" असं लिहून मोकळी होतात. कॉलेजात ही मुलं, घरी दादा. मी तक्रार तरी कुणाकडे करायची?

गेल्या वर्षी मी काड्या चिरायला घेतल्या आणि माझा हात थांबला. एकजात जाड, सरळ, तांबूस, पिकलेल्या काड्या. आणि सातव्या डोळ्यात घड, अगदी शिस्तीत.

"दादा, या कुठून आणल्यास?"

"बागेतूनच. बाजारातून आणू का?"

"सगळ्या बागेतून?"

"हो गं."

"विहिरीकडच्या आंब्यांखालच्या यात किती आहेत?"

दादाने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. मग म्हणाला, "तिकडच्या लय बारीक हायेत. त्या कशाला?"

मी ब्लेड टेबलावर आपटलं. दरवर्षी मी घसा फोडून सांगत होते, उन्हातल्या आण, सावलीतल्याही आण, वेगवेगळ्या बांधून आण. दरवर्षी हा माणूस नंदीबैलासारखी मान हलवत होता. आणि अर्धी बाग आंब्यांच्या सावलीत! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

त्या रविवारी मी सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन दिंडोरीला गेले. दादाशी बोलले नाही. वहिनींना घेऊन सरळ आंब्यांखाली गेले आणि काड्या कापायला लागले. कापलेल्या काड्या गोळा करता करता वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, ते मुद्दाम नाय करत."

"मग काय करतात?"

"आत्याबाई सांगायच्या ना, भनीच्या घरी जाताना हातात वंगाळ काही न्यायचं नाय. वांगी न्या नायतर काड्या न्या. आदल्या दिवशी लगीनघरी पानं निवडावी तशा काड्या निवडत बसतात. मी म्हणलं, अहो, ताईंनी बारीक बी मागितल्यात. तर म्हणाले, बारीक काड्या तिच्या टेबलावर कशा टाकू?"

मला हसू आलं आणि कपाळ फोडून घ्यावंसंही वाटलं. वहिनींच्या आत्याबाई म्हणजे माझी आई, तिला जाऊन वर्षं झाली. सांगणारी गेली आणि सांगणं याच्यात तसंच राहिलं, कुलूप घालून. त्याच आईने मलाही शिकवलं होतं, की माहेरून आलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत. माझ्यात तो कप्पा कधी उघडलाच नसावा.

ओसरीवर उजेडात टेबल मांडलं. सावलीतली काडी घेतली. सातवा डोळा: बाळी. आठवा: बाळी. दादा मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. नववाही बाळीच. जेसीबीवाल्याचा नंबर त्याच्या खिशातल्या फोनमध्ये आहे हे मला माहीत होतं. दहावा संशयाचा. अकरावा चिरला आणि भिंगाखाली पांढरा, गाठीगाठींचा इवलासा गड्डा दिसला.

"बघ," मी उठून त्याला जागा दिली.

तो बराच वेळ वाकून राहिला. "फ्लावरच्या गड्ड्यावानी दिसतंय."

"घड आहे तो. सावलीतला घड काडीवर लांब गेलाय. या बाजूला काडी लांब ठेवून काप."

त्याने मान वर केली. "आन मी दोन वर्षं इथं बी सातव्यावरच कापली."

मी ब्लेड पुसून ठेवलं.

"म्हंजे घड व्हते. मी कापून त्यांची कुट्टी केली. आन शिव्या वेलीला दिल्या."

दोन वर्षांचा राग माझ्या अगदी ओठांवर आला होता. "सांगत होते ना मी!" एवढं तरी म्हणायचा मला हक्क होता. पण तो ओसरीवरून उतरला आणि आंब्यांखालच्या पहिल्याच वेलीच्या खोडावर हात ठेवून उभा राहिला. मी पुढची काडी चिरायला घेतली. फार वाईट वाटलं. राग मात्र गेला नव्हता, तो तसाच शेजारी बसून होता.

गेल्या हंगामात आंब्यांखाली घड आले. भरघोस नव्हते, पण बाग राखण्यापुरते होते. जेसीबीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

परवा दादा यंदाच्या काड्या घेऊन आला. मोळी सोडली, तर पुन्हा एकजात जाड, सरळ, तांबूस. माझा आवाज चढला. "आणि सावलीतल्या?"

"आणल्यात ना."

"कुठे आहेत?"

त्याने दाराकडे बोट केलं. बाहेर, चपलांशेजारी, खताच्या रिकाम्या गोणीत बारीक, वाकड्या काड्यांची एक मोळी उभी होती.

"वंगाळ हायेत त्या," दादा म्हणाला. "म्हणलं घरात कशाला आणू."

मी कपाळाला हात लावला. मग बाहेर जाऊन ती गोणी उचलून आणली, टेबलावर त्याच्या चांगल्या काड्या बाजूला सारल्या आणि आधी तिच्यातलीच काडी चिरायला घेतली.