एकट्याची रांग

ऑरिन हॅगन रस्त्याने चालताना मान वर करत नाहीत. अमेरिकेतल्या ह्या आरमारी बंदरात, ब्रेमर्टनमध्ये, नवीन आलेल्याला वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय. हरवलेलं काही नसतं. स्क्रू, वायसर, तारेचा तुकडा, बाटलीचं झाकण, वाटेत जे दिसेल ते उचलायचं आणि खिशात टाकायचं. मग माझ्या खानावळीत आले की गल्ल्याशेजारच्या वाडग्यात खिसा रिकामा करायचा. इतक्या वर्षांत त्या वाडग्यातल्या ऐवजातून मी एक शिवणयंत्र उभं केलं असतं.

"मानोंग," मी म्हणते, आम्ही फिलिपिनो लोक थोरल्या भावाला असंच म्हणतो, "गावाचा कचरा उचलता, स्वतःची बशी मात्र टेबलावरच सोडून जाता."

त्यांना ऐकू येत नाही. बऱ्याचदा हे त्यांच्या सोयीचंच असतं.

कान गेले ते 'ब्रँडीवाइन'वर. विमानवाहू नौका होती ती. नाव ब्रँडीवाइन आणि आत दारूचा थेंब चालत नसे. तिच्यावरची माणसं तिला 'म्हातारी' म्हणत. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा नवरा सारखा म्हातारीच्या गोष्टी सांगायचा. मला आठवडाभर वाटत होतं, सासू जिवंत आहे आणि माझ्यापासून लपवून ठेवलीय. ऑरिन त्या नौकेच्या डेकवर पिवळा सदरा घालून विमानांना जागेवर आणायचं काम करायचे. तिथे इंजिनांचा आवाज एवढा, की बोलण्याचा प्रश्नच नाही. सगळा कारभार हातांनी. ती सवय जन्माची लागली. दोन्ही तळवे स्वतःकडे हलवले की 'ये, पुढे ये'. माझ्याकडे त्याचा अर्थ लसणाचा भात आणखी आण. मनगटांची फुली केली की 'थांब'. हात गळ्यावरून आडवा फिरवला की 'इंजिन बंद'. ऑरिनचा जिवलग लेस्टर डूली ही शेवटची खूण जेवताना बायकोला करायचा आणि डावाचा फटका खायचा.

आता डेकवरच्या रांगेबद्दल सांगते. विमानं उडण्याआधी रोज सकाळी डेकवरची सगळी माणसं खांद्याला खांदा लावून या कडेपासून त्या कडेपर्यंत उभी राहायची आणि माना खाली घालून हळूहळू चालत जायची. पडलेला बारीकसा खिळाही इंजिनाने आत ओढला तर विमान जातं, माणूस जातो. नौका निवृत्त झाली, इथल्याच धक्क्याला बांधून ठेवली, तेव्हा ह्या लोकांनी दर जुलैच्या पहिल्या शनिवारी माझ्याकडे जमायला सुरुवात केली. कारण सोपं होतं. माझ्या पार्किंगमधून म्हातारी दिसायची. आधी पार्किंगमध्ये रांग करून चालायचं, मग न्याहारी. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपास उडणाऱ्या फटाक्यांच्या काड्या ढीगभर सापडायच्या. ज्याला सगळ्यात विचित्र वस्तू सापडेल त्याचं खाणं फुकट, म्हणजे माझ्या खर्चाने. एकदा लेस्टरला कवळी सापडली. ती त्याचीच निघाली, तरी खाणं फुकट घेतलंच.

माझा नवरा आन्सेल्मो त्याच नौकेवर होता, पण खाली. आमच्या लोकांना तेव्हा आरमारात घ्यायचे ते साहेबांना वाढायला आणि त्यांचे कपडे इस्त्री करायला. म्हातारीच्या पोटात त्याने ऐन उमेद घालवली, आणि डेक पाहिला तो हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. पहिल्या वर्षीच्या त्या शनिवारी तो दारात ट्रे घेऊन उभा होता आणि रांग बघत होता. लेस्टरने रांगेतून हात लांब केला. "अरे ए, ट्रे ठेव तो! तुझी जागा मोकळी आहे इथे." आन्सेल्मो गेला आणि उभा राहिला. त्या दिवशी मला लेस्टर आवडला तो कायमचा. नाहीतर एका लोखंडी बाईसाठी डोळे पुसणाऱ्या ह्या बाप्यांचा मला रागच यायचा. घरी जिवंत बायकांसाठी कुणी एवढं रडलेलं नाही.

मग आन्सेल्मो गेला. पुढे म्हातारीही गेली, तोडायला विकली. दोरखंड लावून टगबोटींनी तिला ओढत नेलं, तेव्हा सगळे पार्किंगमध्ये उभे होते आणि कुणाला न्याहारी गेली नाही. त्यानंतर रांग आखूड होत चालली. कुणी मुलीकडे ॲरिझोनाला, कुणी चाकांच्या खुर्चीत, बरेचसे मातीत. डेकवरचा नियम असा, की माणूस कमी झाला तर उरलेल्यांनी सरकून फट बुजवायची. पण सरकून सरकून किती सरकणार? गेल्या वर्षी दोघंच होते, ऑरिन आणि लेस्टर. दोघांनी अर्धं अर्धं पार्किंग वाटून घेतलं. डावी बाजू लेस्टरची.

"दोन माणसं असली तरी ती रांगच," ऑरिन मला म्हणाले होते. ते कुजबुजतात तेव्हा अख्ख्या खानावळीला ऐकू जातं. "एकटा असला तर तो नुसता माणूस."

म्हणून ह्या वर्षी लेस्टर येतो की नाही, एवढाच प्रश्न होता. मे महिन्यापासून मी विचारत होते, आणि ते छाती फुगवून सांगत होते, "येतोय! फोन आला होता त्याचा. एकदा नाही, तीनदा."

त्या दोघांचं फोन करणं बघण्यासारखं होतं. दोघेही ठार बहिरे. कानातली यंत्रं दोघांनीही टेबलाच्या खणात टाकलेली, कारण त्यातून म्हणे फक्त भांडी वाजतात. ऑरिनच्या घरी फोन वाजला की दिवा लुकलुकतो आणि फोनच्या छोट्या पडद्यावर नंबर दिसतो. लेस्टरचा नंबर दिसला की हे उचलणार, आपलं म्हणणं ओरडून सांगणार आणि ठेवून देणार. पलीकडून काय आलं, कुणाला ठाऊक. ह्यांनी केला की तोही तेच करणार. "असल्या फोनचा उपयोग काय?" मी एकदा कागदावर लिहून विचारलं. ते म्हणाले, "अगं, दिवा लागला म्हणजे तो आहे. आणखी काय कळायला हवं?"

शनिवारी ते लवकरच आले. दाढी गुळगुळीत, डोक्यावर नौकेच्या नावाची टोपी. न्याहारी नको म्हणाले, लेस्टर आल्यावर. पार्किंगच्या टोकाला जाऊन उभे राहिले, जिथून पूर्वी ती दिसायची. आता तिथून नुसतं पाणी दिसतं आणि पलीकडचे डोंगर. मी भात झाकून ठेवला. पुन्हा गरम केला. पुन्हा झाकला. मला चीड यायला लागली होती. मनात लेस्टरला चार शिव्याही घालून झाल्या.

शेवटी एक धुळीने माखलेली गाडी आली आणि तिच्यातून लेस्टरची मुलगी ग्वेन उतरली. एकटीच. सरळ आत माझ्याकडे आली. लहानपणी बापाबरोबर यायची, आता केस पांढरे व्हायला लागलेत.

"लेस्टर कुठे आहे?" मी म्हटलं. "का गाडीतच झोपलाय?"

"पर्लाआंटी, बाबा एप्रिलमध्ये गेले."

"आणि ऑरिन तर म्हणतात, त्याचा फोन आला होता!"

"तो मी केला होता," ती म्हणाली. "बाबांच्या घरून. मी म्हटलं, ऑरिनकाका, बाबा गेले. ते म्हणाले, 'छान, छान! ये मग!' आणि फोन ठेवला. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आणखी दोनदा केला. दोन्ही वेळा तेच, 'छान, छान!' मी घरी बसून रडले, आंटी. रागच आला त्यांचा. परवा घर आवरताना बाबांचं कानातलं यंत्र सापडलं, बॅटरी काढून ठेवलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ऑरिनकाकांनाही काही ऐकूच गेलं नसणार. रात्रभर गाडी चालवून आलेय."

"मग जा, सांग त्यांना."

"कसं सांगू? ओरडून? बाबा मेले म्हणून भर पार्किंगमध्ये ओरडू?"

मी कागद-पेन्सिल पुढे केली, तिने ती घेतली आणि परत ठेवली. मग ती बाहेर गेली. मी दारात उभी राहिले.

ऑरिननी तिला पाहिलं आणि तिच्या मागे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. ग्वेन त्यांच्यापुढे जाऊन थांबली. तिने बोट गाडीच्या रिकाम्या सीटकडे केलं आणि हात गळ्यावरून आडवा फिरवला. बापाच्या जेवणाच्या टेबलावर शिकलेली खूण. इंजिन बंद.

त्यांना लगेच कळलं. कळणारच, आयुष्यभर ती भाषा बोललेला माणूस. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे फोन तू करत होतीस."

तिने मान हलवली.

"आणि मी काय म्हणालो?"

ग्वेन रडत होती. तिने दोन्ही हात वर केले आणि तळवे स्वतःकडे हलवले. ये. पुढे ये.

ऑरिनच्या तोंडावर हसू आलं का रडू, मला दुरून कळलं नाही. "बरोबरच बोललो की मग," ते म्हणाले. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे जा, खाऊन घे. ती त्यांच्याबरोबर चालायला निघाली तर मनगटांची फुली करून तिला थांबवलं. ग्वेन माझ्याजवळ येऊन पायरीवर बसली.

आणि ते चालायला लागले. उजव्या कडेने मान खाली घालून गेले, टोकाला वळले, एक पाऊल सरकून परत आले. पुन्हा वळले, पुन्हा गेले. पूर्वी रांगेची एकच फेरी पुरायची. मी नवरा पुरलाय, मला एकटेपणाचं कौतुक कुणी सांगू नये. पण सगळ्यांच्या वाटेचं एकट्याने चालणारा माणूस मी पाहिला नव्हता. तो बघवत नव्हता आणि मला तिथून हलताही येईना. अधूनमधून ते वाकत, काहीतरी उचलत, खिशात टाकत आणि पुढे जात.

ऊन वर आलं. गिऱ्हाइकं यायला लागली. एका मोठ्या गाडीवाल्याला आत शिरायचं होतं, त्याने हॉर्नवर हात दाबून धरला. ऑरिननी मान वर केली नाही. मी एप्रनला हात पुसत गाडीपुढे जाऊन उभी राहिले.

"काय बाई, केवढं पार्किंग रिकामं आहे!" तो खिडकीतून ओरडला. "म्हातारा बाजूला होत का नाही?"

"होतील," मी म्हटलं. "थांब जरा. अजून लेस्टरची बाजू राहिलीय."