शीतलवर गल्लीचा पहारा

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. कोपऱ्यात धूळ साठते तसे साठतात, अन् एखाद्या दिवशी झाडायला घेतलं की सुपभर निघतात! लॉकडाऊनमधी आमच्या पालमच्या गल्लीत सगळं बंद होतं, किस्से तेवढे चालू होते.

समोरच्या सुमनवहिनीची शीतल तेव्हा दहावीला. शाळा बंद, मैत्रिणी बंद. पोरगी हळूहळू बोलायची थांबली, जेवायची थांबली. एक दिवस आईला म्हणाली, "आई, मला जगावंच वाटंना गेलंय."

वहिनी रडत माझ्याकडं आल्या. आमी दोघी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, आठवड्याला समुपदेशन करणाऱ्या मॅडमशी फोनवर बोलायचं ठरवून दिलं. वर बजावलं, "हे नाटक समजू नका. तिला एकटं सोडू नका अन् उपदेश करू नका."

एकटं सोडू नका! जन्मभर डोकावते म्हणून मी गल्लीच्या शिव्या खाल्ल्या, अन् आता खुद्द डॉक्टरच सांगायल्या!

* * *

बाजूचे गफूरचाचा टेलर. उपदेशाशिवाय त्यांचा बोलण्याचा अनुभव शून्य! तरी मास्क लावून रोज शीतलच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकायचे.

"बेटी, नसीहत करायची मनाई हाय मला. नुसता बसतो."

अन् खरंच नुसते बसायचे. खाकरायचे, वर बघायचे, पुन्हा खाकरायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी आतून आवाज आला, "चाचा, करा बरं थोडी नसीहत! बघवत न्हाई तुमच्याकडं!"

* * *

आमच्या ह्यांनी लुडो काढला. अंतर पाळायचं म्हणून पट आमच्या ओट्यावर, फासा तिच्या ओट्यावर. दोघांचाही फासा तीच टाकायची अन् आकडा ओरडून सांगायची. तिला सहा, पुन्हा सहा. ह्यांना एक!

"पोरीचं नशीब लय जोरात हाय गं," हे म्हणाले.

मी खिडकीतून बघत होते. फासा तिच्या मुठीतच होता, टाकतच नव्हती! मी ह्यांना बोलले नाही. आधी पळत जाऊन वहिनींना सांगितलं, "वहिनी, शीतल लबाडी करायलीय!" वहिनींनी देवाला हात जोडले.

* * *

मॅडमचा फोन आला की कुणी ऐकायचं नाही, असा नियम होता. म्हणून कुणी ऐकत तर नाही ना, हे बघायला मी खिडकीपाशीच उभी राहायचे!

एकदा आतून शीतल म्हणाली, "मॅडम, जरा मोठ्यानं बोला. काकूंना नीट ऐकू येईना गेलंय."

मी तडक घरी!

* * *

औषध अन् फोन चालूच होते. पुढं बंदी जरा सैल झाली. एका सकाळी शीतल चपला घालून बाहेर निघाली. मी लगेच ओट्यावर.

"कुठं निघालीस?"

"कोपऱ्यापर्यंत."

"कशाला? सोबत कोण हाय? कधी येशील?"

अन् पोरगी उसळली! "काकू, तुमाला घरात काही काम हाय का न्हाई? माणसानं श्वास घेतला तरी विचारता, कशाला घेतलास! वैताग आणलाय नुसता!"

गल्लीभर ऐकू गेलं. माझे तर डोळेच भरून आले. तेवढ्यात सुमनवहिनी कणकेच्या हातानं धावत आल्या. मला वाटलं, आता लेकीला रागावतील. तर त्यांनी मुठीतली साखर माझ्याच तोंडात कोंबली!

"अहो, भांडली! माझी शीतल भांडली!"

मागून गफूरचाचा, "मुबारक हो!"

शीतल कमरेवर हात ठेवून ओरडली, "आई, साखर नंतर वाट! आधी माझं भांडण पुरं होऊ दे!"