ऑक्टाव पणजोबांची दुसरी बायको

काय सांगू तुम्हाला, माणसाने शहाणपणा जरूर करावा, पण शेजारणीच्या पणजीच्या थडग्यावर करू नये. मी केला! आणि हे मीच सांगून टाकतो, कारण माझी बायको मधुरा सांगायला बसली तर तिखटमीठ लावल्याशिवाय राहणार नाही.

दोन हजार पाचचा उन्हाळा. आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहत होतो आणि मी एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचो. या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. कुठेही दोन नोंदी जुळल्या नाहीत की त्याला अन्न गोड लागत नाही.

आमच्या शेजारी लोरेन. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण. हिवाळ्यात स्वतःचा ड्राइव्हवे साफ करून वर आमचाही करून जाणारी! डोळ्यांनी मात्र अलीकडे दगा दिला होता. तिचे पूर्वज कॅनडातल्या क्वेबेकहून आलेले, फ्रेंच बोलणारे शेतकरी. मिनेसोटात पार उत्तरेच्या एका खेड्यात ते स्थायिक झाले. नऊ वर्षं ही बाई त्यांचा माग काढत होती. चर्चच्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स, जनगणनेचे कागद, मायक्रोफिल्मवरून भिंग लावून उतरवलेल्या चिठ्ठ्या, असं सगळं बुटांच्या सहा खोक्यांत भरलेलं.

मी तर तोंडात बोट घातलं! अहो, कुठल्या कोपऱ्यातलं खेडं, दौतीतली शाई गोठेल अशी थंडी, आणि काल जन्मलेल्या पोराची नोंद आज झालेली. बाप कोण, आई कोण, साक्षीला कोण, आणि खाली लिहिलेलं, 'आईबापांना सही येत नाही'. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यांचं नाव कुणीतरी इतक्या सुबक अक्षरात जपून ठेवलं होतं.

मीही कमी नाही. नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत आमच्या नऊ पिढ्यांची नावं आहेत, हे मी लोरेनला ऐकवलंच.

"वा! आणि बायकांची?" तिने विचारलं.

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

तर ऑगस्टात लोरेनचं सगळं गोत त्या खेड्यात जमणार होतं. तिच्या पणजीच्या थडग्यावर दगड नव्हता, नुसतं गवत. सगळे जमायच्या आत तिथे नावाचा दगड लागावा, एवढीच तिची इच्छा. "ती कुठे झोपलीय हे ठाऊक असलेली मी शेवटची," असं ती म्हणाली.

तिने खोकी माझ्या हवाली केली, कॉम्प्युटरवर चढवायला. सोबत एक चिठ्ठी दिली. दगडावर जे नाव कोरायचं ते त्यात होतं आणि मी ते दगडवाल्याला ईमेल करायचं होतं.

"सिरिश," ती म्हणाली. माझ्या शिरीषचं तिने सिरिश केलं होतं. "जसंच्या तसं पाठव हं."

"लोरेन, मी प्रोफेशनल आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

रविवारी दुपारी नोंदी चढवायला बसलो आणि तासाभरात मला घाम फुटला.

"मधुरा, इकडे ये. लोच्या आहे. लोरेनच्या पणजोबांनी दोन घरं केली होती!"

"काहीतरीच काय! कशावरून?"

"ही जनगणना बघ. ऑक्टाव गान्यों, बायको मेरी गान्यों, पाच मुलं. आता ही चर्चची वही. तीच पाच मुलं, तोच बाप. आणि आई? फिलोमेन त्रांब्ले! लग्नाची बायको असती तर नवऱ्याचं आडनाव नसतं लावलं?"

"अरे, पण चर्चमध्ये असं उघड कसं सांगतील?"

"सरकारी माणसाला काहीही सांगता येतं यार. पाद्र्यासमोर खोटं कसं बोलणार?"

"म्हणजे पाचही मुलं त्या बाईची? मग ती बिचारी मेरी काय करत होती?"

"सोसत होती," मी गंभीरपणे म्हणालो. मधुराच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आता तुम्ही म्हणाल, लोरेनला विचारायला काय झालं होतं? लॉन ओलांडलं की तिचं दार! पण नाही. म्हाताऱ्या माणसाला का असलं काही विचारायचं? आपणच गुपचूप निस्तरायचं, हे आपल्याकडचे संस्कार. मी चिठ्ठी उघडली, तर तिच्यावर 'फिलोमेन त्रांब्ले'! घ्या! म्हातारीला दिसत नाही, तिने लग्नाच्या बायकोऐवजी भलत्याच बाईचं नाव उतरवलं होतं. सगळं खानदान, लेकीसुना, पोरंबाळं त्या बाईपुढे फुलं वाहणार? मी असताना? मी ताठ बसलो, दगडवाल्याला 'मेरी गान्यों' असं लिहिलं आणि ईमेल पाठवून दिली.

पुढचे तीन आठवडे आम्ही नवरा-बायकोने ते गुपित सांभाळलं. मधुरा दर शनिवारी लोरेनला शिरा करून द्यायची, सांत्वनाचा म्हणून. लोरेन बशी चाटूनपुसून परत करायची.

एकदा मला राहवलं नाही. "लोरेन, प्रत्येक घरात काही ना काही असतंच."

"हो ना," ती म्हणाली. "माझ्याकडे मुंग्या झाल्यात."

"किती धीराची बाई!" मधुरा परतताना पुटपुटली.

जुलै संपत आला. एका दुपारी लोरेन आमच्याकडे चहाला आली होती. बशी खाली ठेवत तिने विचारलं, "दगडाचं कुठवर आलं?" आणि मी, गाढवाने, खुर्ची ओढून तिचा हात हातात घेतला. सगळं सांगितलं. दोन घरं, मेरीचं सोसणं, आणि मी वाचवलेली इभ्रत.

लोरेन हसायला लागली. इतकी हसली की मधुरा पाणी घेऊन धावली.

"अरे वेड्या, आमच्याकडे चर्चच्या वहीत बाईचं माहेरचंच नाव लिहितात! जन्मापासून मरेपर्यंत. इंग्रजी बोलणारा जनगणनेचा माणूस दारात आला, त्याला फिलोमेन लिहिता येईना, त्याने मेरी करून टाकलं. बाई एकच!"

आणि मग ती हसायची थांबली.

"सिरिश, माझी आई मरेपर्यंत हिला मेरीच समजत होती. नऊ वर्षांनी मला तिचं खरं नाव सापडलं. आणि तू परत मेरी कोरायला सांगितलंस?"

धरणीमाता दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण मिनेसोटाची जमीन ती, तिला मराठी कुठे कळतंय! मी लगेच फोन लावला. दगडवाला म्हातारा, एकेक शब्द तोलून बोलणारा.

"ती ऑर्डर ना... हो... आज सकाळीच... हातात घेतली."

"थांबवा! किती झालं?"

"बघून येतो."

तो बघायला गेला आणि परत येईपर्यंत मी तेहतीस कोटींपैकी निम्म्या देवांना नवस बोललो.

"तीन अक्षरं. एम, ए, आर."

माझा चेहरा पडला. पण लोरेनने शांतपणे फोन मागून घेतला. "पुढे वाय नको, आय आणि ई कोरा. मग फिलोमेन त्रांब्ले. ऑक्टाव गान्योंची पत्नी." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "तिकडे प्रत्येक मुलीचा बाप्तिस्मा मारी नावानेच व्हायचा. तिचाही झालाय, वहीत आहे. नशीबवान आहेस."

नऊ वर्षांच्या मेहनतीवर मी पाणी ओतलं होतं आणि ही बाई मलाच धीर देत होती! मी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो.

"पण मला सांग," लोरेनने विचारलं, "एका बाईला दोन नावं असतील, हे तुझ्या डोक्यातच कसं आलं नाही?"

"आमच्याकडे असलं काही नसतं ना," मी म्हणालो.

हे ऐकलं आणि मधुरा उठली. आत गेली, कपाटातून ग्रीन कार्डची फाइल काढली, तिच्यातला एक कागद लोरेनसमोर ठेवला आणि मोठ्याने वाचायला लागली. शाळेच्या दाखल्यावर शैलजा गोविंद पाठक, पासपोर्टवर मधुरा शिरीष बापट. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मीच नाही का मधुरा लिहिलं होतं! 'या दोन नावांची स्त्री एकच आहे, हे मी शपथेवर सांगतो.' खाली नोटरीचा शिक्का आणि त्याच्या शेजारी सही. झोकदार, माझी! मागच्याच वर्षी केलेली.

लोरेनने पर्समधून भिंग काढलं आणि माझी सही नीट न्याहाळली. मग रिकामी बशी पुढे सरकवत अतिशय हळुवारपणे म्हणाली, "सिरिश, प्रत्येक घरात काही ना काही असतंच. एवढंच सांग, शिरा करते ती यातली कुठली?"