घाबरट वकीलबाई

आमच्या वकीलबाई घाबरट होत्या आणि ते कुणापासून लपवत नसत. कोर्टात उभं राहण्याआधी त्यांचे हात गार पडत. गाडीत बसण्यापूर्वी त्या वाकून गाडीखाली बघत, मग मागच्या सीटवर, आणि मग पुन्हा एकदा मला बघायला लावत. "आमचे पणजोबा इंदूर संस्थानच्या फौजेत होते," त्या म्हणायच्या, "आणि मी पालीला घाबरते. मतलब खानदान कुठून कुठे आलं बघ." हे सांगताना त्या हसत नसत.

मी मिरजेहून इंदूरला त्यांची ज्युनिअर म्हणून आले, तेव्हा सरकारी वकील म्हणून त्यांच्याकडे एक मोठं प्रकरण होतं. एका माणसाने बचत योजना काढली, इंदुरातल्याच परदेशीपुरा वस्तीतल्या निवृत्त गिरणी कामगारांची पुंजी गोळा केली आणि तो एका आखाती देशात पळून गेला. तिथे त्याने एक इमारत घेतली होती. त्याला धरून आणायला किती वर्षं लागतील, कुणालाच माहीत नव्हतं. बाईंचं म्हणणं साधं होतं. "आदमी नंतर. आधी बिल्डिंग. ती विकली ना त्याने, तर खेल खतम." इथल्या कोर्टाचं विनंतीपत्र दिल्लीमार्फत तिकडच्या कोर्टात जायचं, त्यांनी इमारतीच्या विक्रीवर बंदी घालायची, आणि पुढे ती जप्त करून पैसा इकडे पाठवायचा, असा तो रस्ता होता.

पत्राचा मसुदा बाई मला मोठ्याने वाचायला लावत. "तिकडच्या जजसाहेबांना ना तू माहीत, ना मी, ना परदेशीपुरा. त्यांच्या जागी बसून ऐक." एक वाक्य अडखळलं की सगळं पान परत लिहायचं. एवढं करूनही पहिलं पत्र परत आलं. तिकडून एकच प्रश्न होता: कामगारांचा पैसा याच इमारतीत गेला, हे कशावरून?

ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती. योजनेच्या ऑफिसात कारकुनी करणारी एक विधवा. पैसे बाहेर पाठवायचे कागद मालकाने तिच्याकडूनच करून घेतले होते. आता ती इंदूरबाहेर, गौतमपुऱ्याला भावाकडे राहत होती. तिची साक्ष इंदूरच्या कोर्टातून, व्हिडिओवर, तिकडच्या न्यायाधीशांसमोर व्हायची ठरली.

साक्षीची तारीख लागली आणि आठवड्याभरात माझ्या फोनवर एक फोटो आला. आमच्या मिरजेच्या घराचं फाटक, आणि फाटकाशी तुळशीला पाणी घालणारी माझी आई. खाली एक अक्षरही नव्हतं. मी तो फोटो बाईंसमोर धरला. मला वाटलं, त्या धीर देतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. म्हणाल्या, "माझ्या मुलीचा पण आलाय. नागपूरचा. सोसायटीच्या गेटवरचा."

"मॅडम, मी जाऊ का घरी?" मी विचारलं.

"जा ना. मी तर दर सोमवारी ठरवते की आता बस. डर लागतोय तर लागतोय, त्यात खोटं काय बोलायचं?"

त्यांनी दोन्ही फोटोंची पोलिसांत तक्रार दिली, मिरजेच्या ठाण्यात स्वतः फोन केला. मग फाईल काढून जिथे जिथे ज्युनिअर म्हणून माझं नाव होतं, ती पानं बदलली. आता सगळीकडे फक्त त्यांचं नाव उरलं. ते बघून मला जाववेना. मी थांबले, पण त्यात शौर्य नव्हतं.

साक्षीच्या सकाळी आम्ही दोघी एका पोलीस शिपायाला घेऊन गौतमपुऱ्याला गेलो. परतीच्या वाटेवर एक पांढरी जीप मागे लागली. आम्ही हळू झालो की ती हळू, आम्ही पुढे की ती पुढे. कारकूनबाई पदराआड पुटपुटत होत्या. स्टिअरिंगवर वकीलबाई होत्या आणि दर मिनिटाला आरशात बघत होत्या. वाटेत पोलीस ठाणं दिसताच त्यांनी गाडी थेट आवारात घातली. जीप थोडं थांबली आणि निघून गेली. बाईंना मात्र उतरता येईना. ठाणेदार बाहेर आले तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या, "भिया, आधी पाणी द्या. मग एक गाडी द्या. दोन वाजता हिला कोर्टात बोलायचंय."

दोन वाजता ती बोलली. पडद्यावरचे न्यायाधीश दुभाष्यामार्फत विचारत होते, आणि ती एकेक सही, एकेक तारीख सांगत होती. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "एवढं कसं जमलं हो तुम्हाला?" ती म्हणाली, "मैडमजींकडे बघत होते. त्या माझ्याहून जास्त काँपत होत्या. वाटलं, ह्या आल्या ना, मग मी पण बोलते."

इमारतीच्या विक्रीवर बंदी आली. त्यानंतर महिन्याभरात बाईंनी काम सोडलं. राजेंद्र नगरातलं घर आवरून मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. निघताना त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात त्या दिवशीही गारच होता. "मी पळतेय, असंच समज," त्या म्हणाल्या. मी वाकून त्यांच्या गाडीखाली बघून घेतलं.

चार वर्षांनी तिकडच्या कोर्टाने इमारत जप्त करून विकायचा आणि पैसा भारतात पाठवायचा निकाल दिला. मी कोर्टाच्या जिन्यावरूनच बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "ऑर्डर आहे का हातात? आपल्या कारकूनबाईचं नाव छापलंय का त्यात?"

मी जिन्यावर बसून सगळी पानं चाळली. सगळीकडे फक्त 'साक्षीदार' असं होतं. तसं सांगितलं.

"परत बघ. एखाद्या पानावर चुकून राहिलं असेल तर?" त्या म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्या फोनवर थांबून राहिल्या.