लग्नाच्या दिवशीचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी शेजारणीच्या घरी काय शिजलं तेही सांगते.

फुलंब्रीजवळच्या एका गावात मी आरोग्यसेविका होते. त्या उन्हाळ्यात गावचं पाणी आटलं, टँकर सुरू झाला. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि पंचायतीचा माणूस, भिका, त्यात जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकायचा. ती रोज पडते की नाही, हे बघणं माझं काम. लोक कुरकुरायचे — पाण्याला वास येतो, चहा नासतो. मी कुणाचं ऐकत नसे. कडक बाई म्हणून नाव होतं माझं!

मग त्याच गावात माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. नणंद म्हणाली, "वहिनी, वरणाला दवाखान्याचा वास आला तर पाव्हण्यांत नाक कापलं जाईल." आणि मी? मी भिकाला सांगितलं, आज पावडर नको.

"ताई, तुमीच म्हणता ना, एक दिस बी खाडा करायचा नाय?"

मी हसले. एका दिवसानं काय होतंय?

तिसऱ्या दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून आम्ही माणसं झोपवली, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. भिकाची चार वर्षांची पोर डोळे फिरवलेली आली. तिची शीर कुणाला सापडेना. ती मी शोधली. पोर वाचली. सखूआजी नाही वाचली.

तालुक्याचे साहेब आले. वर्गाबाहेर उभे राहून त्यांनी विचारलं, लग्नाच्या दिवशी पावडर पडली होती का? भिका माझ्या शेजारीच होता. मी — मीच — म्हणाले, "यानं टाकली नाही." शब्दशः खरं होतं, बघा.

भिकानं माझ्याकडं पाहिलं. मग खाली. "व्हय साहेब. इसरलो."

त्याचं काम गेलं. सखूआजीच्या मुलानं त्याला चारचौघांत मारलं. तो बायकापोरांना घेऊन वाळूजला गेला, गावात पुन्हा आला नाही. साथ आवरली म्हणून माझा मात्र सत्कार झाला. मी शाल घेतली, दोन शब्द बोललेही. लाज कशी वाटली नाही मला?

घाबरले होते, असं म्हणता येईल. पण ते पुरतं खरं नाही. आत त्याच्या पोरीला मी लावलेली सलाईन चालू होती. तो माझ्याविरुद्ध तोंड उघडणार नाही, हे मला ठाऊक होतं — म्हणूनच मी त्याच्याकडं बोट दाखवलं.